गंज धुतला का, जी?

ठाण्याच्या माणसाला ‘गंज’ म्हटले की आठवते ती आपल्या गॅलरीची लोखंडी जाळी. पावसाळा सरला की ती खरवडायची, तिला रंग द्यायचा, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंज धरला म्हणून हळहळायचे! त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यात, गडचांदूरच्या पलीकडे, माणिकगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका शेतात, रात्री दहाच्या सुमाराला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारले, “साहेब, गंज धुतला का, जी?” तेव्हा मी अगदी गंभीरपणे उत्तर दिले, “छे हो बाबा, गंज कसला? जाळी अगदी नवी कोरी आहे.”

सगळी मंडळी खो खो हसली. मेहुण्यांनी हसू आवरत खुलासा केला, की नागपूर-चांद्याकडे गंज म्हणजे पातेले. मीही हसलो. फक्त म्हातारबाबा हसले नाहीत. त्यांनी चुलीकडे एकवार पाहिले, पातेल्यांच्या ढिगाकडे पाहिले, आणि पुन्हा म्हणाले, “धुवून घ्या, जी. रातचा ठेवू नका.”

“सकाळी धुऊ, बाबा. आता थंडी फार आहे,” मी म्हणालो आणि तंबूत शिरलो.

त्या न धुतलेल्या गंजाची ही हकीकत आहे. दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे डबे मोटारीत टाकून रानावनाकडे निघणाऱ्या माझ्यासारख्या शहरी मंडळींनी ती ऐकावी, म्हणून लिहितो आहे.

माझे मेहुणे गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर “आता तरी या” असा त्यांचा आग्रह सुरू झाला, आणि जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, सौ., मी आणि आमची सात वर्षांची नात असे तिघे निघालो. बल्लारशाला उतरायचे, वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुऱ्याला यायचे आणि तिथून गडचांदूर. वाटेवर कोळशाच्या खाणी, चुनखडीची धूळ, कापसाने भरलेल्या गाड्या आणि मधूनच एकदम अंगावर येणारे सागाचे रान. सकाळी भोंगा ऐकू यावा आणि रात्री त्याच वस्तीच्या कडेला रानडुकराने उकरलेली माती दिसावी, असा हा मुलूख आहे. गावाजवळच अमलनाल्याचे धरण आहे, आणि त्यामागे माणिकगड किल्ला आणि जिवतीकडे चढत जाणारे डोंगर.

पुण्यात नोकरी करणारा भाचाही त्याच वेळी आला होता. आला तो लोखंडाची एक चार पायांची शेगडी घेऊन. वर सळ्यांची जाळी, खाली निखाऱ्यांचा ट्रे, त्याखाली तेल-चरबी गळून जमायला आणखी एक लहान ट्रे. “मामा, आत्या, तुम्हाला खरे बार्बेक्यू खायला घालतो,” अशी त्याची घोषणा! खरे म्हणजे मी त्याच्या आत्याचा नवरा. पण तो मला मामाच म्हणतो, आणि मीही कधी हरकत घेतलेली नाही.

जंगलात परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, हे मेहुण्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आपल्या एका स्नेह्यांचे शेत निवडले. डोंगराच्या अगदी पायथ्याशी, एका बाजूला तूर, एका बाजूला वेचणीला आलेला कापूस, मध्ये विहीर, आणि बांधापलीकडे लगेच जंगल. दोन तंबू ठोकले. शेतावरचे सालदार म्हणजेच ते म्हातारबाबा. जवळच्या कोलामगुड्यावर त्यांचे घर. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती मिटलेली कातडी, आणि कपाळापासून गालापर्यंत गेलेला एक जुना, पांढरट व्रण. तो व्रण कशाचा, असे विचारण्याचे माझ्या मनात दोनदा आले. पण पहिल्याच भेटीत असे विचारू नये, म्हणून गप्प बसलो. विचारले असते तर बरे झाले असते!

त्या संध्याकाळचे जेवण मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. बाबांनी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले. गव्हाच्या जाड पिठाचे ते गोळे राखेतून काढून, झटकून, फोडून त्यावर तुपाची धार धरायची आणि गंजातल्या झणझणीत वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. शाकाहारी मंडळींची तृप्ती इथेच झाली. दुसरीकडे भाच्याने दही-मसाल्यात मुरवलेली कोंबडी जाळीवर मांडली होती. चरबी निखाऱ्यावर पडे, चर्र वाजे, आणि धुराचा लोट थेट डोंगराकडे जाई. “काय वास सुटला आहे!” असे आम्ही दहा वेळा म्हणालो असू. तो वास आणखी कोणाच्या नाकापर्यंत जात असेल, हा विचार एकदाही शिवला नाही.

जेवणे झाल्यावर मी माझे नागरिकाचे कर्तव्य बजावले. शेतात कचरा टाकू नये, म्हणून हाडे आणि उरलेसुरले अन्न एका हातभर खोल खड्ड्यात पुरले. वर माती लोटून पायाने दाबली. हात धुतलेले खरकटे पाणी विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला ओतले. जाळी कागदाने पुसली आणि चरबीच्या ट्रेसकट शेगडी तंबूच्या आडोशाला ठेवली. दहिवराने नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून! मग बाबांनी तो प्रश्न विचारला, आणि मी ते उत्तर दिले.

चहाचा भुरका

पहाटे अडीच-तीनला मला जाग आली. बाहेर कोणीतरी बशीतून चहा भुरकत होते. चांगला लांबलचक, समाधानाचा भुरका, मग फुंकर, मग पुन्हा भुरका. मेहुण्यांना पहाटे चहा लागतो, हे मला माहीत होते. “मलाही अर्धा कप ठेवा हो,” असे मी बोलणार, तोच पलीकडच्या तंबूतून मेहुण्यांचे घोरणे ऐकू आले.

पाठोपाठ खळ्ळकन् आवाज झाला. शेगडी आडवी झाली होती. आमच्या तंबूच्या कापडापासून ती चार पावलांवर होती.

सौ.ने माझा हात धरला. नात मध्ये गाढ झोपली होती. बाहेर लोखंडावर नखे घासल्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून दमेकऱ्यासारखा श्वास. त्या अर्ध्या तासात मी किती देवांची नावे घेतली, ते सांगत नाही. मग माती उकरल्याचा आवाज सुरू झाला. मी पायाने दाबलेला खड्डा! तो उकरायला मला पाऊण तास लागला होता. त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

हळूहळू आवाज विहिरीच्या बाजूला सरकला आणि थांबला. गेले असावे, असे वाटले. पूर्वेला थोडे फटफटले. तेवढ्यात पायवाटेवरून बायकांचे बोलणे ऐकू आले. कापूस वेचायला बाया लवकर येतात. त्यांत बाबांची सूनही होती. आणि मग एक घोगरे, अंगावर काटा आणणारे गुरगुरणे, आणि त्यापाठोपाठ किंकाळी.

आम्ही सगळे धावलो. बाबा तर आमच्याही पुढे काठी घेऊन पोहोचले होते. दोघी बाया तुरीत एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. भाकरीचे फडके वाटेवर पडले होते. मी खरकटे पाणी ओतले होते, बरोबर त्याच जागी अस्वल माती चाटत होते. बाया दहा पावलांवर येईपर्यंत त्याला कळलेच नाही. कळले तेव्हा ते मागल्या पायांवर उभे राहिले, एकदा ओरडले, आणि दैवाची कृपा म्हणा, उलटे फिरून रानात गेले. दोघींच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पण पुढला तासभर सुनेचे दात वाजत होते, आणि ते थंडीने नव्हते.

तंबूत परतलो तेव्हा सौ.ने नातीची उशी उचलून मला दाखवली. खाली कागदात बांधलेले तिळाचे दोन लाडू होते. “सकाळी उठल्याउठल्या खाणार होते,” नात म्हणाली. मी मटकन खाली बसलो.

नाक आहे, डोळे नाहीत

लहानपणी आपण अस्वल पाहिले ते दरवेशाच्या दोरीला बांधलेले. डमरू वाजला की ते बिचारे नाचे, आणि आपण त्याचा केस ताईतात घालायला मागत असू. नाकात वेसण घातलेले, दात काढलेले ते जनावर पाहून अस्वल म्हणजे एक मोठे केसाळ खेळणे, अशी आपली समजूत झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या खेळाला बंदी आली, तरी तो पुरता थांबायला २००९ साल उजाडले. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला बल्लूही याच जातीचा मानतात, त्याचे शिवनीचे रान नागपूरच्या उत्तरेला फार दूर नाही. त्या बल्लूनेही आपल्या मनात अस्वलाला गुरुजी करून ठेवले आहे.

खरे अस्वल निराळे. १७९१ मध्ये एका इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची लांब नखे पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लोंबकळणाऱ्या सुस्त ‘स्लॉथ’चाच भाऊबंद ठरवले. चूक पुढे सुधारली, पण इंग्रजी नाव मात्र तेच राहिले. सुस्तपणाशी त्याचा काही संबंध नाही. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोंच्याही वर जातो आणि तरी माणसापेक्षा वेगाने धावतो. त्याचे मुख्य खाणे वाळवी आणि मुंग्या. तीन-चार इंचांच्या नखांनी ते दगडासारखे वारूळ फोडते, नाकपुड्या मिटून घेते, फुंकर मारून माती उडवते, आणि मग ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. यासाठी निसर्गाने त्याचे वरचे मधले दोन दातच ठेवलेले नाहीत. तो भुरका शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. मला वाटलेला चहा तो हाच!

वाळवीशिवाय मध, बोरे, जांभळे, उंबर, टेंभुर्णीची फळे, बहाव्याच्या शेंगा आणि मोहाची फुले ही त्याची मेजवानी. म्हणजे पाहा, गोडाची आवड आणि जमिनीखालचा किडा बाहेरून हुंगणारे नाक, अशा जनावरापासून मी कोंबडीची हाडे हातभर मातीखाली ‘लपवली’ होती! खड्ड्यात पुरणे म्हणजे त्याच्यासाठी पान वाढून ठेवणेच.

नाक तिखट, पण नजर आणि कान बेताचे. त्यातून खाण्यात गुंग झाले की त्याला आसपासचे भान राहत नाही. एकाएकी माणूस समोर आला की ते दचकते, आणि दचकलेले अस्वल बहुधा पळत नाही, हल्ला करते. वाघाच्या शेजारात जन्म काढायचा, झाडावर चढून सुटका नाही, कारण बिबट्याही चढतो; तेव्हा आधी आपणच अंगावर जावे, हा त्याचा पिढीजात स्वभाव. मादीच्या पाठीवर पिले बसलेली असली तर विचारायलाच नको. आणि त्याचा पंजा पडतो तो बहुतेक वेळा माणसाच्या चेहऱ्यावर.

हे सारे मी नंतर वाचले. बाबांनी ते एका वाक्यात सांगितले. सगळे जरा शांत झाल्यावर मी त्यांना तो व्रण कशाचा, हे विचारले. ते म्हणाले, “मोहाचे दिवस होते, जी. पहाटचा अंधार होता. तो फुलं खात होता, मी बी फुलं वेचत होतो. त्याले मी दिसलो नाई, मले तो दिसला नाई.”

मोहाची फुले पहाटे गळतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत मार्च-एप्रिलमध्ये हजारो माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात; त्याच वेळी, त्याच झाडाखाली अस्वलही येते. पुढे तेंदूपानांचा हंगाम. या माणसांना रानात जाणे ही हौस नाही, वर्षाच्या मीठमिरचीची सोय आहे. उजाडल्यावर जा, एकटे जाऊ नका, बोलत-खाकरत जा, असे वनखाते सांगते, आणि शहाणी माणसे तसे करतातही. त्या दिवशी दोन बायांचा जीव वाचला तो बहुधा त्या मोठ्याने बोलत येत होत्या म्हणून.

मी बाबांची क्षमा मागितली. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “साहेब, तुमी तं आज जाता, जी. ते अस्वल उद्या बी येईन, परवा बी येईन. अन् या वाटेनं आमच्या बायाच येतीन.”

लोखंडी कपाटे

त्याच सकाळी कॅलिफोर्नियाहून मुलीचा फोन आला. हकीकत ऐकून ती म्हणाली, “बाबा, इथे तुम्हाला दंड झाला असता!”

तिकडे योसेमिटी नावाचे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे तंबूच्या प्रत्येक जागेजवळ लोखंडाचे एक जाड कपाट असते. अस्वलाच्या पंजाला उघडणार नाही अशी त्याची कडी. अन्न तर त्यात ठेवायचेच. पण शेगडी, जाळी, सांडलेले तेल पुसलेले फडके, इतकेच काय, साबण, दंतमंजन आणि अंगाला लावायचे मलमसुद्धा त्यातच ठेवायचे. अस्वलाच्या लेखी ज्याला वास आहे ते सगळे अन्नच. डोंगरात पायी जाणाऱ्यांना घट्ट झाकणाचे पिंप पाठीवर न्यावे लागते.

हे शहाणपण त्यांनाही फुकट मिळालेले नाही. १९९८ या एका वर्षात योसेमिटीत अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून अधिक घटना घडल्या. मोटारींची दारे कागदासारखी वाकवून ती आत शिरत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले, की अस्वले कुटुंबवत्सल मंडळींच्या मोठ्या मोटारी निवडून फोडतात. मुलेबाळे असली की गाडीत खाऊ सांडलेला असणार, हे त्यांनीही ओळखले होते! आमच्या नातीच्या उशीखालचे लाडू मला इथे आठवले.

त्याहून जुनी आणि दुःखद गोष्ट मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर उद्यानाची. तिथल्या एका डोंगरी विश्रामगृहामागे उरलेले अन्न टाकले जाई, आणि ते खायला येणारी ग्रिझली अस्वले पाहुणे कौतुकाने पाहत बसत. १९६७ च्या ऑगस्टमध्ये, एकाच रात्री, त्या उद्यानात एकमेकांपासून मैलोगणती दूर अशा दोन ठिकाणी दोन निराळ्या अस्वलांनी तंबूबाहेर झोपलेल्या दोन तरुण मुलींचे प्राण घेतले. त्यानंतर उद्यानांतला कचरा आणि अन्न यांविषयीचे नियम कडक झाले.

आपल्याकडेही कौतुकाची कमतरता नाही. छत्तीसगडमध्ये बागबाहराजवळ घुंचापालीच्या चंडीदेवीच्या देवळात अस्वले प्रसाद खायला येतात आणि भाविक त्यांना हाताने भरवतात. श्रद्धेबद्दल मी काय बोलावे? पण रानच्या जनावराला माणसाच्या अन्नाची चटक लागली, की त्याचे माणसाबद्दलचे भय जाते. मग एखाद्या दिवशी एखाद्याच्या हातात प्रसाद नसतो!

राख आणि काथ्या

दुपारी आम्ही गडचांदूरला परतणार होतो. परतलो नाही. सौ.ने पदर खोचला आणि म्हणाली, “आपण केलेले आपण निस्तरू.” मेहुण्यांनी वनरक्षकाला कळवले, त्यांनी येऊन पावलांचे ठसे पाहिले. मागच्या पावलाचा ठसा पाहून मी हबकलोच. अनवाणी माणूस चालून गेला असावा, इतका तो आपल्यासारखा! फक्त बोटांपुढे नखांच्या खुणा.

मग बाबांच्या देखरेखीखाली आमची शाळा सुरू झाली. पहिला धडा जाळीचा. भाच्याने ती साबणाने घासायला घेतली, तेव्हा बाबांनी अडवले. जाळी आधी आरावर ठेवली. चिकटलेली चरबी जळून तिचा कोळसा झाला, तेव्हा ती काठीने खरवडली. मग राख आणि नारळाचा काथ्या घेऊन पाण्याने घासली, उन्हात वाळवली. वास घेऊन पाहिली, तेव्हा फक्त लोखंडाचा वास आला. कागदाने पुसलेली जाळी आपल्या डोळ्यांना स्वच्छ दिसते; पण पाहुणा डोळ्यांनी पाहत नाही, नाकाने पाहतो.

चरबीचा ट्रे जमिनीवर ओतायचा नाही. ती थिजल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढली. खड्ड्यातली राहिलेली हाडे, पायवाटेवरची खरकट्याने भिजलेली माती, सगळे फावड्याने उचलून त्याच डब्यांत भरले आणि गावात नेले. पुरले काहीच नाही. उन्हाळ्यात, वणव्याच्या दिवसांत, असे निखारे करण्याचीसुद्धा सोय नसते. तेव्हा रानाच्या कडेला चूल पेटवूच नये, घरून कोरडा शिधा न्यावा, हे उत्तम.

रात्री भांडी कुठे ठेवायची, हा दुसरा धडा. लोखंडी कपाटे आपल्याकडे नाहीत. पण पक्क्या घराची कुलूपबंद खोली असली, तर सारे तिथेच. ती नसेल तर काचा पूर्ण लावलेली बंद मोटार, आणि ती तंबूपासून शंभर पावले दूर. उघड्या जीपमध्ये किंवा कापडाच्या पिशवीत ठेवणे म्हणजे न ठेवल्यासारखेच. झाडाला टांगून ठेवण्याचीही एक रीत आहे. पण मधाची पोळी काढायला आपले अस्वल झाडावर सहज चढते. तेव्हा बुंध्याशी टांगलेले गाठोडे त्याच्याच सोयीचे. टांगायचेच तर आडव्या फांदीवरून दोर टाकून, जमिनीपासून दोन पुरुष उंच आणि बुंध्यापासून चांगले पाच-सहा फूट बाहेर.

तिसरा धडा जागेचा. चूल एकीकडे, शिध्याचे आणि भांड्यांचे ठिकाण दुसरीकडे, झोपण्याची जागा तिसरीकडे. तिघांमध्ये शंभर-शंभर पावलांचे अंतर, आणि वारा तंबूकडून चुलीकडे वाहील अशी योजना. तंबूत अंथरूण-पांघरूण आणि बॅटरी, याखेरीज काही नाही. लाडू नाही, बिस्किटे नाहीत, केळी नाहीत, तूप लागलेला सदरा नाही, दंतमंजनही नाही. ज्या कपड्यांत रांधले, ते कपडेही भांड्यांबरोबर. रात्री बाहेर जायचे झाले तर एकट्याने नाही, आणि बॅटरी लावून, मोठ्याने बोलत.

बाबा स्वतः काय करतात, हे मी विचारले. ते शेतावर जागल करतात, पण भाकरीचे फडके आणि कालवणाचा डबा खोपडीत कधीच ठेवत नाहीत. जेवण झाले की नातू तो डबा गुड्यावर घेऊन जातो. “खोपडीत काई नाई, तं तो येईन कायले?” एवढे साधे त्यांचे शास्त्र आहे.

त्या रात्री आम्ही कॉलनीत झोपलो, पण मला झोप आली नाही. पहाटे दिसणारी ती पायवाट डोळ्यांपुढे होती. बाबांनी बायांना सूर्य वर आल्यावरच यायला सांगितले होते. त्यामुळे त्यांची रोज दोन तासांची वेचणी बुडत होती, आणि वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. मेहुण्यांनी ती भरपाई करायचे कबूल केले आणि केलीही. दुसऱ्या रात्री अस्वल पुन्हा आले. रिकामा खड्डा त्याने आणखी खोल उकरला, विहिरीच्या वाटेवर हुंगत फिरले आणि गेले. तिसऱ्या रात्री पुन्हा ठसे दिसले, पण बांधापर्यंतच. त्यानंतर नाहीत. आठव्या दिवशी मेहुण्यांचा ठाण्याला फोन आला, “बाया पूर्वीच्याच वेळेला येऊ लागल्या.” तेव्हा कुठे मला अन्न गोड लागले.

मी हे घाबरवायला लिहिलेले नाही. जरूर जा. पावसाळ्यात बंद असलेला ताडोबाचा गाभा दिवाळीपूर्वीच उघडलेला असतो; माणिकगड पाहा, अमलनाल्याच्या काठी बसा, कोणी आग्रह केला तर रोडगे-वांगी खा. मुलांना थंडीतले चांदणे दाखवा. पण चकलीचा डबा, शेगडी आणि गंज कुठे ठेवायचा, याचा विचार निघतानाच करा. आपण एका रात्रीचे पाहुणे असतो. आपल्या मागे तिथे जी माणसे राहतात, त्यांच्या पहाटेची वाट आपण कशी ठेवून जातो, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या घरी आता रात्री खरकटी भांडी राहत नाहीत. ठाण्याला चौथ्या मजल्यावर अस्वल कुठून येणार? पण ओटा आवरून मी दिवा मालवायला गेलो, की आतून नातीचा आवाज येतो, “आजोबा, गंज धुतला का, जी?”

आणि धुतला नसला, तर मी मुकाट्याने धुतो.